पतंग ओळखायचा तर रंग शेवटी बघा

दिव्याखाली आलेला तपकिरी पतंग ओळखायला घेतला की नजर आधी रंगावर जाते आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. पतंगाचा रंग म्हणजे पंखांवर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले. चार रात्री उडाला, पानांना घासला, पालीच्या तोंडून सुटला की हे खवले झडतात आणि नक्षी पुसट होते. हिरवे भूमितीय पतंग तर मेल्यावर ओल लागली तरी पिवळट पडतात. मिशांची घडण, पंखांच्या शिरा, दोन पंख एकमेकांत अडकवणारा काटा या गोष्टी मात्र पतंग कितीही जुना झाला तरी तशाच राहतात. जगात पतंगांच्या सुमारे १,६०,००० प्रजातींची नोंद आहे. फोटो चाळत "हा तसाच दिसतो" म्हणत बसलात तर आठवडाभराने तुमच्याकडे पाच नावे असतील आणि पाचही चुकीची असू शकतील. आधी कूळ ठरवा, मग पुढे जा.

हाताशी काय हवे

दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, तळ पारदर्शक असलेली चपटी डबी, मऊ बारीक ब्रश आणि जवळून फोटो काढू शकणारा कॅमेरा किंवा मोबाइल. सुरुवातीला एवढे पुरते. पांढऱ्या कापडावर दिवा लावून पतंग बोलावत असाल तर अतिनील प्रकाश देणारा दिवा पिवळ्या बल्बपेक्षा कितीतरी जास्त पतंग आणतो.

जिवंत पतंग डबीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात १५ ते २० मिनिटे ठेवा. फ्रीझरमध्ये नको, तिथे तो मरतो. गारठलेला पतंग बाहेर काढल्यावर काही मिनिटे हलत नाही, तेवढ्यात काम उरकायचे. जाड अंगाचे पतंग उडण्याआधी पंखांचे स्नायू थरथरवून अंग तापवतात. थरथर दिसली की तुमची वेळ संपत आली.

फोटो कमीत कमी चार हवेत: वरून सरळ, बाजूने, समोरून डोक्याचा आणि डबीच्या तळातून खालच्या बाजूचा. चौथा फोटो बहुतेक जण काढत नाहीत आणि नंतर नेमका तोच लागतो. वरून काढताना कॅमेरा पंखाला समांतर ठेवा. तिरका धरला तर पंखाच्या लांबी-रुंदीचे प्रमाण बदलते आणि अरुंद पंखाचा पतंग रुंद पंखाचा वाटायला लागतो. पट्टी पतंगाच्या पातळीवर ठेवा, दोन सेंटिमीटर खाली ठेवलेली पट्टी आकार चुकीचा दाखवते.

माप घेताना पुढच्या पंखाची लांबी घ्या, म्हणजे बुडापासून टोकापर्यंत. पुस्तकांत बऱ्याचदा दोन टोकांमधला पंखविस्तार दिलेला असतो, पण तो पंख ताणून वाळवलेल्या नमुन्यावर मोजलेला असतो. भिंतीवर बसलेल्या पतंगाची रुंदी त्याच्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही. नोंदीत कोणते माप घेतले ते लिहा.

बसण्याची ढब

पतंगाला हात लावण्याआधी तो कसा बसलाय ते बघा. डबीत घातल्यावर ही माहिती जाते. पंख भिंतीला चिकटवून, चारही उघडे टाकून, चपटा बसला असेल आणि अंग सडपातळ असेल तर तो बहुधा भूमितीय पतंग, म्हणजे जिओमेट्रिडी कुळातला. याच्या अळ्या वीत मोजल्यासारख्या चालतात. पंख कौलारू छपरासारखे दोन्ही बाजूंना उतरते आणि अंग जाड असेल तर नॉक्टुइडी, एरेबिडी किंवा नोटोडोंटिडी. पंख मागे ओढून लढाऊ विमानासारखा त्रिकोण केलेला, पोट निमुळते आणि अंग भरदार असेल तर हॉकमॉथ, म्हणजे स्फिंजिडी. इंग्रजी टी अक्षरासारखा, पंखांच्या जागी दोन काड्या लावल्यासारखा दिसला तर टेरोफोरिडी. या कुळात बहुतेकांचा पुढचा पंख दोन आणि मागचा तीन पिसांत चिरलेला असतो. त्याच्यासारखाच पिसांचा, पण पंखा उघडल्यागत पसरून बसणारा दिसला तर पिसे मोजा. एका पंखाला सहा भरली तर तो अलुसिटिडी कुळातला.

गवतावर नळीसारखा गुंडाळून बसणारा, तोंडापुढे चोच काढलेला बारीक पतंग बहुतेक वेळा क्रॅम्बिडी कुळातला असतो. वरून घंटेच्या आकाराचा दिसणारा छोटा पतंग टॉर्ट्रिसिडीत शोधा. पुढचे पाय ताठ करून छाती उचलून बसणारा अगदी चिमुकला पतंग दिसला तर पाने पोखरणाऱ्या ग्रासिलॅरिडी कुळाची शक्यता मोठी. छपराखालून मागच्या पंखाची कड बाहेर डोकावत असेल तर लॅसिओकॅम्पिडी आठवा.

ही ढब म्हणजे पुरावा नव्हे, दिशा आहे. थंडीत गारठलेला किंवा नुकताच कोषातून निघालेला पतंग वेगळाच बसतो.

डोके

मिशांपासून सुरुवात करा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते आणि पतंगाच्या मिशीला ती नसते हा नियम ढोबळ आहे. दिवसा उडणाऱ्या झायगेनिडी कुळातल्या अनेकांच्या मिशा टोकाकडे जाड होतात आणि नवख्याला ते फुलपाखरू वाटते. पतंगांत मिशा साध्या दोऱ्यासारख्या, करवतीसारख्या दातेरी किंवा फणीसारख्या असतात. फणीचे दात मिशीच्या एकाच बाजूला आहेत की दोन्ही, आणि ते थेट टोकापर्यंत जातात की अर्ध्यात संपतात, हे भिंगातून बघून लिहा. शेवटचा मुद्दा फुटकळ वाटेल, पण जवळच्या प्रजाती वेगळ्या करताना तो वारंवार लागतो. हॉकमॉथच्या मिशा मधे जाड असतात आणि बहुतेकांच्या टोकाला बारीक आकडा असतो.

एक गोष्ट सतत ध्यानात ठेवा: फणीदार मिशा बहुतेक वेळा नराच्या असतात, मादीच्या त्याच प्रजातीत साध्या असू शकतात. मादीचा गंध दुरून टिपण्यासाठी नराला मिशीचे क्षेत्रफळ जास्त लागते. तेव्हा "मिशा वेगळ्या, म्हणजे प्रजाती वेगळी" हा निष्कर्ष लिंग ठरवण्याआधी काढू नका.

मग तोंड. सोंड आहे का, आणि असल्यास तिच्या बुडाशी खवले आहेत का? सोंडेच्या बुडावर खवले आणि पोटाच्या बुडाशी श्रवणेंद्रिय असेल तर तो पायरॅलिडी-क्रॅम्बिडी गटातला. नुसत्या खवल्यांवर विसंबू नका, गेलेचिइडी आणि तिच्या नातलग कुळांतही सोंड खवलेदार असते. ॲटलास पतंगाच्या सॅटर्निडी कुळात सोंड खुरटलेली असते, प्रौढ पतंग खातच नाही. सोंडेच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेले पाल्प, म्हणजे तोंडाजवळचे चाचपणीचे छोटे अवयव, बाजूच्या फोटोत तपासा: सरळ पुढे निघालेत, खाली झुकलेत की विळ्यासारखे वर वळून कपाळाच्या वर गेलेत? गेलेचिइडीत ते असे वर वळलेले आणि टोकदार असतात. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीचा पतंग याच कुळातला.

संयुक्त डोळ्याजवळ, मिशीच्या बुडामागे एक चकचकीत साधा डोळा असतो. नॉक्टुइडीत तो बहुधा असतो, जिओमेट्रिडीत बहुधा नसतो. केसांखाली लपलेला असतो, ब्रशने केस बाजूला केल्याशिवाय "नाही" म्हणू नका.

पाय लवकर उरकतील. नडगीवरचे काटे मोजा. पुढच्या पायाला शून्य, मधल्याला दोन, मागच्याला चार हा सर्वसाधारण हिशेब. तो चुकला तर लिहून ठेवा.

पंख जोडणारा काटा

पुढचा आणि मागचा पंख उडताना एकत्र हलावेत म्हणून बहुतेक पतंगांत मागच्या पंखाच्या बुडाशी, वरच्या कडेला, एक राठ काटा असतो. त्याला फ्रेन्युलम म्हणतात. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला असलेल्या कडीत तो अडकतो. फुलपाखरांत हा काटा नसतो, अपवाद ऑस्ट्रेलियातल्या एका स्किपर फुलपाखराच्या नराचा. म्हणून मिशांनी गोंधळ घातला की हा काटा बघावा.

त्याहून मोठा उपयोग लिंग ओळखण्याचा. मेलेल्या पतंगाचा पुढचा पंख ब्रशने हलकेच पुढे सारा आणि बुडाशी भिंग लावा. एकच जाड, चमकदार काटा दिसला तर नर. दोन किंवा जास्त बारीक काटे शेजारी-शेजारी दिसले तर बहुधा मादी. कडीची जागाही वेगळी असते: नरात ती पंखाच्या वरच्या कडेजवळच्या शिरेतून निघालेल्या आकड्यासारखी, मादीत खालच्या बाजूच्या शिरेवर खवल्यांचा झुबका. एक गफलत ठरलेली आहे. मादीचे काटे एकमेकांना चिकटले की एकच जाड काटा असल्यासारखा भास होतो. प्रकाश बाजूने टाका, चिकटलेल्या काट्यांमधली रेघ दिसते.

काटाच नसेल तर? सॅटर्निडी आणि लॅसिओकॅम्पिडीत बहुतेकांना तो नसतो. तिथे मागच्या पंखाचा बुडाचा भाग फुगून पुढच्या पंखाखाली शिरलेला असतो आणि त्यावरच काम भागते. म्हणजे काटा नसणे हीही एक खूण झाली.

शिरा दिसतील कशा

खवल्यांखाली शिरा दडलेल्या असतात. मेलेल्या पतंगाच्या पंखाला खालून ७० टक्क्यांचा अल्कोहोलचा एक थेंब लावा. पंख काही सेकंद पारदर्शक होतो आणि शिरा लख्ख दिसतात, अल्कोहोल उडाले की पंख पूर्ववत. पाणी वापरू नका, खवल्यांवर ते थेंबासारखे घरंगळते आणि पोचत नाही.

कायमची पाहणी करायची असेल तर पंख बुडापासून सोडवून मिनिटभर अल्कोहोलमध्ये भिजवा. मग निम्मे पाणी घातलेल्या घरगुती ब्लीचमध्ये ठेवा आणि रंग उडेपर्यंत नजर हटवू नका. जास्त वेळ ठेवला तर पडदा लिबलिबीत होऊन फाटतो. अल्कोहोलची पायरी गाळली तर ब्लीच पंखात शिरतच नाही आणि पंख ठिगळाठिगळांनी पांढरा होतो.

काय बघायचे? मागच्या पंखाच्या मधोमध शिरांनी वेढलेला बंद कप्पा असतो. त्याच्या खालच्या कोपऱ्याकडून निघणाऱ्या ठळक शिरा मोजा. तीन असतील तर नॉक्टुइडी, चार असतील तर एरेबिडी हा कामचलाऊ नियम. चंदेरी-सोनेरी खूण असलेला प्लुसिइनी गट नॉक्टुइडीत असूनही हा नियम मोडतो. पुढच्या पंखात कप्प्याच्या टोकाची मधली शीर अगदी मधून निघते की खालच्या शेजारणीकडे सरकलेली असते तेही बघा: मधून निघाली तर नोटोडोंटिडीची शक्यता वाढते. मागच्या पंखाची सर्वांत वरची शीर बुडाशी एकदम वाकलेली असणे ही जिओमेट्रिडीची खूण.

नक्षीचा नकाशा

कूळ ठरले की नक्षीकडे या. आधी पंखाच्या बाजूंची नावे पक्की करा: बूड, टोक, वरची कड, बाहेरची कड आणि तिला लागून झालर, मागची कड. "पंखाच्या वरच्या भागात ठिपका" असे लिहिले तर वाचणाऱ्याला वरची बाजू कळेल की वरची कड, सांगता येत नाही.

नॉक्टुइडीच्या पुढच्या पंखावर एकच आराखडा पुन्हा पुन्हा येतो. बुडाजवळ एक तुटक रेघ. मग पंख आडवा कापणारी आतली रेघ, मधली सावली, बाहेरची रेघ, आणि बाहेरच्या कडेजवळ नागमोडी, बहुधा फिकट अशी शेवटची रेघ. आतल्या आणि बाहेरच्या रेघांमध्ये, वरच्या कडेच्या बाजूला दोन डाग: बुडाकडचा गोल आणि पुढचा काजूसारखा वाकडा. गोल डागाच्या खाली कधी तिसरा, गदेसारखा डाग असतो. हे सगळे दर पतंगात दिसेलच असे नाही, पण जे दिसते त्याची या नकाशातली जागा ठरवता आली पाहिजे. "तपकिरी पंखावर पांढरा ठिपका" या वर्णनात हजार पतंग बसतात. "काजूच्या आकाराच्या डागाची बाहेरची कड पांढरी, बाहेरची रेघ त्या डागाभोवती फुगलेली" असे लिहिले की थोडेच उरतात.

रेघ एकेरी की दुहेरी, दातेरी की गुळगुळीत, वरच्या कडेशी काटकोनात पोचते की तिरकी, हे नोंदवा. रंग बदलतो, पण रेघेचे वळण बहुधा टिकते.

भूमितीय पतंगांत पुढच्या पंखावरची रेघ बऱ्याचदा मागच्या पंखावर सरळ चालू राहते, जणू एकाच हाताने ओढलेली. कारण साधे आहे: तो चारही पंख उघडे ठेवून बसतो आणि चारही पंख मिळून सालीची किंवा पानाची नक्कल करतात. छपरासारख्या बसणाऱ्या पतंगाचा मागचा पंख झाकलेला असतो, तिथे नक्षीची गरज नसते. म्हणून तो एकतर साधा फिकट असतो किंवा दचकवण्यासाठी भडक.

भडक मागचा पंख कसा कामी येतो ते फळांतला रस शोषणाऱ्या युडोसिमा पतंगांत बघा. पुढचे पंख सुकलेल्या पानासारखे आणि एकाच प्रजातीतही बदलते, त्यांवरून नाव ठरवणे जिकिरीचे. पुढचा पंख किंचित पुढे सरकवला की नारिंगी मागचा पंख दिसतो. त्याच्या मधे सुटा गोल काळा ठिपका असेल तर युडोसिमा मटेर्ना, स्वल्पविरामासारखा वाकलेला काळा डाग असेल तर युडोसिमा फॅलोनिया. दोन सेकंदांचे काम, पण भिंतीवर बसलेल्याच्या वरून काढलेल्या फोटोत ते कधीच दिसत नाही.

दोन लष्करी अळ्यांचे पतंग

स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, म्हणजे अमेरिकन लष्करी अळी, २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि २०१८ मध्ये भारतात नोंदली गेली. तेव्हापासून तिचा पतंग आणि आधीपासून असलेल्या स्पोडोप्टेरा लिट्युराचा पतंग यांची गल्लत रोजची झाली. आकार जवळपास सारखा. दोघांचे मागचे पंख पांढुरके, अर्धपारदर्शक, तेव्हा त्यांवरून काही ठरवू नका. पुढच्या पंखावर बघा. फ्रुजिपर्डाच्या नरात गोल डागाच्या जागी फिकट तपकिरी, तिरका लंबगोल असतो आणि पंखाच्या टोकाजवळ पांढरट त्रिकोणी ठिगळ. लिट्युरात शिरा फिकट रंगाने उठून दिसतात आणि तिरक्या पांढरट पट्ट्यांशी मिळून जाळी विणल्यासारखी दिसते.

हे झाले नरांचे. फ्रुजिपर्डाची मादी करड्या-तपकिरी रंगाची, पुसट खुणांची असते, तिचे नाव नुसत्या फोटोवरून देणे टाळा. फेरोमोन सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाचे आमिष लावलेल्या सापळ्यात, सापडला म्हणून तो त्याच प्रजातीचा, हेही गृहीत धरू नका. आमिषाचा गंध दुसऱ्या प्रजातींच्या नरांनाही ओढतो, शिवाय सापळ्यात तडफडून खवले झडलेले असतात. अशा वेळी नक्षी सोडून अवयवांवर या.

हमखास फसवणारे

नर-मादीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. लिमॅन्ट्रिया डिस्पारचा नर तपकिरी आणि फणीदार मिशांचा, मादी पांढुरकी. पिशवी विणणाऱ्या सायकिडी कुळात अनेक माद्यांना पंखच नसतात, त्या पतंग वाटतच नाहीत.

एकाच प्रजातीचे गडद आणि फिकट प्रकार असतात. बिस्टन बेट्युलॅरियाचा काळा प्रकार मँचेस्टरमध्ये १८४८ साली नोंदला गेला. तो आणि ठिपकेदार पांढरा प्रकार शेजारी ठेवले तर नवखा दोन नावे देईल, पण शिरा, मिशा आणि बांधा एकच.

पारदर्शक पंख म्हणजे झिजलेला पतंग असे समजू नका. सेफोनोडेस हॉकमॉथ कोषातून निघतो तेव्हा पंखांवर खवले असतात, पहिल्या फडफडीत ते गळतात आणि पंख काचेसारखे होतात. उलट सेसिइडीचे पतंग गांधीलमाशीसारखे दिसतात. त्यांच्या पंखांच्या कडा आणि शिरांवर खवले शोधा, गांधीलमाशीच्या पंखावर ते नसतात.

झिजलेला पतंग ओळखायचा तर झालर बघा. ती फाटकी असेल तर "नक्षी नाही" असे न लिहिता "नक्षी झिजली" असे लिहा. दोन्हींचा अर्थ फार वेगळा.

बाहेरून ठरत नाही तेव्हा

काही जोड्या बाहेरून वेगळ्या होतच नाहीत. स्पोडोप्टेरा लिट्युरा आणि स्पोडोप्टेरा लिटोरॅलिस, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा आणि हेलिकोव्हर्पा झिया. इथे जननेंद्रिये उघडून बघावी लागतात. वाळलेल्या नमुन्याचे पोट हलक्या हाताने मोडून घ्या. ते १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात रात्रभर ठेवा, किंवा द्रावणाची नळी गरम पाण्यात उभी करून १० ते २० मिनिटांत काम उरका. हातमोजे आणि चष्मा घाला, हे द्रावण कातडी आणि डोळे जाळते. मऊ झालेले पोट पाण्यात धुवून ब्रशने खवले काढा, अवयव बाहेर ओढा आणि ग्लिसरीनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. नरात दोन्ही बाजूंची पकड, म्हणजे व्हॉल्व्ह, आणि मधली नळी. मादीत पिशवी आणि तिच्या भिंतीवरचा काटेरी ठसा. द्रावणात जास्त शिजले तर पातळ पडदे नाहीसे होतात आणि मादीची पिशवी हातची जाते.

पोट आणि पतंग यांना एकच क्रमांक मोडण्याआधी द्या. एका वेळी पाच पोटे उकळायला ठेवली आणि क्रमांक नंतर लिहू म्हटले की ती कोणाची हे पुढे कोणीच सांगू शकत नाही. पोट उघडण्याआधी एक पाय अल्कोहोलमध्ये जपून ठेवला तर डीएनए बारकोडचा रस्ताही खुला राहतो. त्यासाठी सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात.

हे करायचे नसेल तर नोंद तिथवरच लिहा: "स्पोडोप्टेरा, प्रजाती ठरली नाही, मादी, पंख जोडणारे काटे तीन, पुढचा पंख १६ मिमी, झालर फाटकी", आणि खाली तारीख, वेळ, ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, दिव्याचा प्रकार.